जुनी पेट्रोल गाडी आणि इथेनॉल: जेट, रबर आणि पाण्याचा हिशेब

पंपावर आज साधं पेट्रोल म्हणून जे मिळतं, त्यात साधारण पाचवा हिस्सा इथेनॉल असतं. हा बदल टप्प्याटप्प्याने आला. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांपासून सुरुवात झाली, जून २०२२ मध्ये देशभरात १० टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं गेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर २० टक्क्यांचं मिश्रण आलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोहोचलं. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्या या मिश्रणाचा विचार करून बनू लागल्या. त्याआधीची मारुती ८००, झेन, सँट्रो किंवा पद्मिनी तुमच्याकडे असेल, तर तिचे पाइप, जेट (कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातलं, इंधन मोजून सोडणारं बारीक भोक) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) वेगळ्या इंधनासाठी ठरवलेले आहेत.

इंधनाच्या नावातला आकडा म्हणजे इथेनॉलचं घनफळातलं प्रमाण. ई२० म्हणजे शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल, ई८५ म्हणजे पंच्याऐंशी. जुनी गाडी 'इथेनॉलवर करणं' यात दोन अगदी वेगळी कामं येतात. ई२० वर ती नीट आणि दीर्घकाळ चालेल अशी दुरुस्त करणं हे पहिलं. ते प्रत्येक जुन्या गाडीला करावंच लागणार आहे आणि चांगल्या मिस्तरीच्या हातून दोन दिवसांत होतं. ई८५ किंवा त्याहून जास्त इथेनॉलवर पूर्ण रूपांतर हे दुसरं. त्यात इंधन देणारी अख्खी यंत्रणा बदलते. या दोन्हींत इंधनाचं प्रमाण आणि इंधनाला टिकणारं साहित्य असे दोन प्रश्न एकाच वेळी सोडवावे लागतात. गॅरेजमध्ये बहुतेकदा यातला एकच सुटतो. जेट बदललं जातं आणि पाइप जुनाच राहतो, किंवा पाइप नवे बसतात आणि गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालत राहते.

हवा तेवढीच, इंधन जास्त

इथेनॉलच्या वजनात जवळजवळ ३५ टक्के ऑक्सिजनच असतो, म्हणून ते जाळायला बाहेरची हवा कमी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते. ई२० साठी हा आकडा साधारण १३.५ येतो, ई८५ साठी ९.८. सिलिंडर दर फेरीला हवा ओढतो तेवढीच ओढणार. मग जुळवायचं असेल तर इंधन वाढवावं लागतं. लिटरच्या हिशेबात ई२० ला शुद्ध पेट्रोलपेक्षा ७ ते ८ टक्के, ई८५ ला ४० टक्क्यांच्या वर आणि निव्वळ इथेनॉलला ५० टक्क्यांच्या वर जादा इंधन द्यावं लागतं.

ॲव्हरेज का उतरतं हेही यातच आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. ई२० चा हिशेब केला तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा-सात टक्के कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही शून्य इथेनॉलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घटच दिली आहे. म्हणजे १८ चं ॲव्हरेज देणारी गाडी १७ च्या आसपास येईल. तीच गाडी १३ वर आली असेल तर दोष इंधनाच्या पलीकडे शोधायला हवा. चोक अर्धवट अडकलेला असतो, ब्रेक धरून ठेवत असतो, थर्मोस्टॅट उघडाच राहिलेला असतो किंवा ऑक्सिजन सेन्सर मेलेला असतो.

इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे वेळेआधी न पेटण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा बराच जास्त आहे. भारतात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता, ई२० चा ९५ धरला जातो. नॉकिंग (इंधन वेळेआधी पेटून होणारी टकटक) त्यामुळे कमी होतं, पण कमी दाबाच्या जुन्या इंजिनाला टायमिंग हलवल्याशिवाय यातून ताकद मिळत नाही.

आधी पाइप आणि रबर

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. ट्यूनिंग शेवटी करायचं. गळका पाइप आणि कचरा भरलेली टाकी तशीच ठेवून जेट जुळवलं, तर दोन महिन्यांत ते पुन्हा जुळवावं लागतं.

जुन्या गाड्यांतले पेट्रोल पाइप बहुतेक नायट्राइल रबराचे असतात. हे रबर पेट्रोलला टिकतं, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फुगतं. यातली एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. अशा रबराची सूज ई८५ मध्ये जितकी होते त्याहून १० ते २५ टक्क्यांच्या मिश्रणात जास्त होते. त्यामुळे 'ई२० सौम्यच आहे, पाइप चालतील' हा तर्क रबराच्या बाबतीत उलटा पडतो. धातूंच्या बाबतीत मात्र इथेनॉल वाढेल तसं गंजणं वाढतं.

फुगलेलं रबर मऊ होतं, आतून सोलतं, आणि गाडी महिनाभर उभी राहून ते वाळलं की आकसून चिरतं. म्हणूनच रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा सुट्टीत उभ्या राहिलेल्या गाडीत गळती जास्त सापडते. तपासायला पाइप क्लिपच्या जागेवरून सोडवा आणि टोकाचा दोन सेंटिमीटर तुकडा उभा कापून आतली बाजू बघा. आतला थर गुळगुळीत, काळा आणि घट्ट असायला हवा. नख दाबल्यावर खळगा राहिला, बोटाला काळं लागलं किंवा आतल्या थराचे पापुद्रे दिसले, तर पाइप बाद. बाहेरून असा पाइप अगदी नवा दिसू शकतो.

नवा पाइप घेताना फक्त 'पेट्रोल पाइप' मागू नका. आतून फ्लुओरोरबराचा, म्हणजे दुकानात ज्याला व्हायटॉन म्हणतात तसा थर असलेला पाइप मागा. त्यावर एसएई जे३० आर९ असा शिक्का छापलेला असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाइपमधला दाब अगदी कमी असतो, पाव बारच्या आसपास. इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरने इंधन फवारणाऱ्या, गाडीत तो ३ बारच्या जवळपास असतो, तिथे साधा पाइप फुटून आग लागू शकते. आतला व्यास जुन्या पाइपवरून अंदाजाने घेऊ नका, कारण तो फुगलेला असतो. ज्या धातूच्या नळीवर पाइप बसतो तिचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. क्लिपही बदला. दातेरी पट्टीची स्वस्त क्लिप मऊ रबरात रुतते, आतून गुळगुळीत असलेली इंजेक्शन क्लिप घ्या.

पाइपांशिवाय रबर कुठे कुठे लपलेलं असतं ते मिस्तरीबरोबर उभं राहून बघून घ्या. टाकीच्या तोंडाकडे जाणारा जाड पाइप, रिटर्न लाइन, टाकीवरच्या गेज युनिटचं गॅस्केट आणि झाकणाचं रबर हे सगळ्यात आधी विसरले जातात. कार्ब्युरेटरच्या गाडीत नीडल व्हॉल्व्हचं टोक, ॲक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम आणि मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायाफ्राम रबराचे असतात. मेकॅनिकल पंपाचा डायाफ्राम फाटला तर इंधन थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करू नका. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरच्या ओ-रिंग, प्रेशर रेग्युलेटरचा डायाफ्राम आणि टाकीतल्या पंपाला जोडणारा छोटा पाइप बघायचा. हा छोटा पाइप टाकीतच बुडालेला असतो. तो फुटला तर बाहेर थेंबही दिसत नाही, फक्त दाब कमी पडतो आणि चढावर गाडी मरते.

कार्ब्युरेटर उघडल्यावर फ्लोट चेंबरचा तळ बघा. पांढरी, रवाळ भुकटी म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमचा साचा गंजतोय आणि इंधनात पाणी आहे. पितळी जेटवर हिरवट थर असेल तर तांबं झिजायला लागलंय. ई२० वर हे हळूहळू होतं, ई८५ वर वेगाने. ब्राझीलमध्ये अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्या कार्ब्युरेटरना आतून निकेलचा मुलामा देत, तो याच कारणासाठी.

टाकी धुतली जाते, कचरा पुढे सरकतो

इथेनॉल चांगलं विरघळवणारं द्रव्य आहे. वीस वर्षांत टाकीच्या भिंतींवर बसलेला डिंकासारखा थर आणि त्याखाली अडकलेला गंज ते सुटा करतं. पहिल्या दोन-तीन टाक्यांत हा सगळा माल फिल्टरकडे निघतो. गाडी सुरू होते, हळू चालते, आणि ६०-७० च्या वर नेली की दम तोडते. अशा वेळी अनेकांना कार्ब्युरेटर बिघडला असं वाटतं, प्रत्यक्षात फिल्टर तुंबलेला असतो.

म्हणून काम सुरू करताना टाकी उतरवून रिकामी करावी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच, मोकळ्या हवेत, जवळ कुठलीही ज्योत नसताना. आत टॉर्चने बघा. थोडा गंज असेल तर गंज काढणाऱ्या द्रवाने धुऊन पूर्ण वाळवता येतो. भोकं पडली असतील तर टाकी बदला. आतून लावायच्या सीलंटच्या बाबतीत सावध राहा. इथेनॉलला टिकतो असं स्पष्ट लिहिलेला सीलंटच लावा, कारण साधा सीलंट काही महिन्यांत पापुद्र्यांसारखा सुटून पंपाच्या जाळीत अडकतो आणि तो काढणं गंज काढण्यापेक्षा अवघड जातं.

कामाच्या वेळी नवा फिल्टर बसवा, आणि दोन टाक्या संपल्यावर पुन्हा एक नवा. कार्ब्युरेटरच्या गाडीत पारदर्शक फिल्टर सोयीचा, आतला कचरा दिसतो. इंजेक्शनच्या गाडीत तो कधीही नको, ३ बार दाबाला तो बनवलेला नसतो.

पाणी

पेट्रोल आणि पाणी मिसळत नाही. थोडं पाणी टाकीत गेलं तर ते तळाशी बसून राहतं. इथेनॉल मात्र पाणी शोषून घेतं, आणि एका मर्यादेपर्यंत ते फायद्याचंच असतं, कारण तेवढं पाणी इंधनाबरोबर जळून जातं. ही मर्यादा ई१० ला १५ अंश तापमानात साधारण अर्धा टक्का आहे, म्हणजे लिटरमागे ५ मिली. ई२० थोडं जास्त धरतं. मर्यादा ओलांडली की पाणी स्वतः खाली बसतंच आणि इथेनॉललाही बरोबर ओढून नेतं. टाकीत दोन थर होतात. वर ऑक्टेन उतरलेलं पेट्रोल, खाली पाणी-इथेनॉलचं मिश्रण. पंप खालून ओढतो, त्यामुळे इंजिनाला आधी खालचा थर मिळतो आणि गाडी सुरूच होत नाही किंवा मिसिंग करते. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते.

हवेतला ओलावा टाकीत शिरून एवढं पाणी साचतं असं अनेकदा सांगितलं जातं, पण तेवढ्याने ही वेळ क्वचितच येते. खरं कारण बहुतेकदा साधं असतं. झाकणाचं रबर कडक झालेलं, टाकीच्या तोंडाचा पाइप चिरलेला, आणि पावसाचं पाणी थेट आत. कोकणात पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत ही दोन ठिकाणं जूनच्या आधी बघायलाच हवीत. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. थर एकदा वेगळे झाले की हलवून किंवा नवं पेट्रोल घालून ते पुन्हा नीट एक होत नाहीत, टाकी पूर्ण उपसावी लागते. 'पाणी काढणारं' म्हणून विकलं जाणारं लिक्विड बहुतेकदा अल्कोहोलच असतं. ई२० मध्ये आधीच भरपूर अल्कोहोल असल्याने त्यात आणखी बाटलीभर घालून काही साधत नाही.

इंधनात नेमकं किती इथेनॉल आहे ते घरी मोजता येतं. १०० मिलीचा, खुणा असलेला काचेचा उभा सिलिंडर घ्या. त्यात १० मिली पाणी आणि वर १०० च्या खुणेपर्यंत इंधन, म्हणजे ९० मिली. तोंड बंद करून मिनिटभर हलवा, मधूनमधून तोंड उघडून आतली वाफ सोडा. मग दहा मिनिटं स्थिर ठेवा. सगळं इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. खालच्या थराच्या आकड्यातून १० वजा करा, ९० ने भागा, १०० ने गुणा. थर २८ वर आला तर इथेनॉल २० टक्के. रेषा अंधूक दिसत असेल तर पाण्यात चिमूटभर मीठ टाका, ती स्पष्ट होते. पद्धत ढोबळ आहे, एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक पडतो, पण ट्यूनिंगला तेवढं पुरतं.

कार्ब्युरेटरची गाडी

कार्ब्युरेटर जेटच्या भोकातून ठरलेलंच इंधन देतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे त्याला कळत नाही, त्यामुळे ई२० घातलं की मिश्रण आपोआप ७-८ टक्क्यांनी लीन होतं. कंपनीच्या मूळ जुळणीवरच्या गाड्या थोड्या रिच (इंधन जास्त) असतात, म्हणून त्यांतल्या बऱ्याच गाड्या काही न बदलताही ठीक चालतात. ॲव्हरेजसाठी मिस्तरीने आधीच स्क्रू आवळलेल्या किंवा लहान जेट टाकलेल्या गाड्या सगळ्यात आधी कुरकुरतात. लीन गाडी ओळखता येते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर बसते, ४०-५० च्या एकसारख्या वेगात पुढे-मागे झटके देते, कार्ब्युरेटरमधून फट्-फट् आवाज करते, आणि प्लग काढला तर त्याचं टोक पांढरं फटक दिसतं. त्याचा रंग फिकट विटकरी हवा.

मेन जेटवरचा आकडा बहुतेकदा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १०० म्हणजे १ मिमी. इंधनाचा प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. त्यामुळे ८ टक्के जादा इंधनासाठी व्यास साधारण ४ टक्केच वाढवायचा, म्हणजे १०० च्या जागी १०४, मिळत नसेल तर १०५. काही जेटवर व्यासाऐवजी प्रवाहाचा आकडा असतो, तिथे तोच आकडा ८ टक्क्यांनी वाढवावा. म्हणून बदलण्याआधी भोक पिन गेजने मोजा. हातातल्या ड्रिलने जेट मोठं करू नका. भोक वाकडं आणि खरखरीत होतं, आणि पुढचा प्रत्येक हिशेब चुकतो. जेट विकत मिळतं, नाहीतर बारीक रीमर वापरा. आयडलिंगचं पायलट जेटही त्याच प्रमाणात वाढवायचं असतं, हे बरेचदा राहून जातं.

आयडल मिश्रणाचा स्क्रू जुळवायला इंजिन पूर्ण गरम असावं. आधी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन किती फेरे बसले ते लिहून ठेवा, मग पुन्हा त्याच जागी आणा. आता पाव-पाव फेरा बाहेर घेत जा. आरपीएम वाढत जाऊन एका ठिकाणी स्थिर होतं, तिथे थांबा. मग वेगाच्या स्क्रूने आयडल पुन्हा जागेवर आणा. पीयूसी केंद्रावरचं यंत्र इथे उपयोगी पडतं. बीएस-२ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. ई२० वर तुमचा आकडा अगदी शून्याजवळ आला आणि हायड्रोकार्बन मात्र वर गेला, तर मिश्रण इतकं लीन आहे की ठिणगी अधूनमधून चुकते आहे.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. थोड्या प्रमाणातलं इथेनॉल पेट्रोलची वाफ व्हायची प्रवृत्ती वाढवतं. मेकॅनिकल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, तिथे तापून तो वाफेने भरतो आणि सिग्नलला गाडी बंद पडून सुरू होत नाही. पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवा, त्यावर उष्णतारोधक वेष्टण घाला, आणि रिटर्न लाइन असेल तर ती तुंबलेली नाही ना ते बघा.

इंजेक्शनची गाडी

एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीचं काम सोपं, कारण तिचा ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमधला उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्यानुसार इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. इंधन कोणतं आहे हे त्याला कळावं लागत नाही, ऑक्सिजन उरला एवढं कळलं की पुरे. ही दुरुस्ती 'फ्युएल ट्रिम' म्हणून साठवली जाते आणि ओबीडी (बिघाड तपासायचं) सॉकेट असलेल्या गाडीत साध्या स्कॅनरवर वाचता येते. शुद्ध पेट्रोलवर लाँग टर्म ट्रिम +२ टक्के असेल तर ई२० वर +९ किंवा +१० येणं योग्यच आहे. ईसीयूची मर्यादा साधारण २० ते २५ टक्क्यांची असते.

बिघाड होतो तो आधीच आजारी गाडीत. इनटेकचं गॅस्केट थोडी हवा घेतंय, इंजेक्टर तुंबलेत, ट्रिम आधीच +१४ आहे. त्यात ई२० चे ८ मिळवले की मर्यादा येते, चेक इंजिन लाइट लागते आणि 'मिश्रण लीन' असं सांगणारा पी०१७१ हा कोड दिसतो. दोष इंधनावर ढकलण्याआधी व्हॅक्यूम पाइप तपासा, इंजेक्टर साफ करून घ्या. सेन्सर म्हातारा झाला असेल तर बदला. इंजिन थंड असताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ईसीयू सेन्सरकडे बघत नाही. त्यामुळे ट्रिम ठीक असूनही थंडीत सुरू व्हायला दोन सेल्फ जास्त लागू शकतात.

ई८५ किंवा निव्वळ इथेनॉल

इथून पुढचं काम निराळं आहे, आणि ते अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं. ४० टक्के जादा इंधन कुठल्याही जुन्या ईसीयूच्या ट्रिममध्ये बसत नाही.

इंजेक्टरचं उदाहरण घ्या. ६००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांचं असतं. पूर्ण ताकदीला इंजेक्टर १४ मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर तो ७० टक्के वेळ काम करतोय. ई२० वर हे १५ मिलिसेकंद होतं, अडचण नाही. ई८५ वर साधारण २० होतं, म्हणजे इंजेक्टर बंदच होत नाही. ८५ टक्क्यांच्या वर जाऊ नये हा नियम आहे. मोठे इंजेक्टर हवेत. फक्त दाब वाढवून काम भागत नाही, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. ३ बारचे ४ केले तरी हाती १५ टक्केच येतात. टाकीतला पंपही तेवढं जादा इंधन देऊ शकतो का ते भांड्यात मोजून बघावं लागतं. कार्ब्युरेटरमध्ये ई८५ साठी जेटचा व्यास सुमारे २० टक्के वाढतो, नीडल व्हॉल्व्ह मोठा लागतो आणि ॲक्सिलरेटर पंपाचा फवाराही वाढवावा लागतो.

इंधन बदलत राहणार असेल तर लाइनमध्ये इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स सेन्सर बसवतात. त्याचा सिग्नल समजायला सोपा आहे. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के इथेनॉल, १५० म्हणजे १००, मधले आकडे सरळ रेषेत. तो वाचून इंजेक्शन आणि टायमिंग दोन्ही बदलणारा ईसीयू मात्र लागतो. फ्रान्समध्ये इंजेक्टरच्या सिग्नलमध्ये बसणारा, त्याची वेळ लांबवणारा डबा मिळतो आणि २०१७ च्या आदेशानंतर त्याला अधिकृत मान्यतेची वाट मिळाली. तिथे ई८५ पंपांवर सहज मिळतं, म्हणून तो व्यवहार जमतो.

थंडीत सुरू करणं ही खरी कसोटी. निव्वळ इथेनॉलची १५ अंशांच्या खाली पेटण्याइतकी वाफच होत नाही. ब्राझीलमध्ये १९७५ मध्ये अल्कोहोल कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये फियाट १४७ ही अल्कोहोलवर चालणारी गाडी बाजारात आली. तिथल्या अल्कोहोलच्या गाड्यांत पुढे बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी असायची, थंड सकाळी सुरू करण्यापुरती. जानेवारीतल्या नाशिक-महाबळेश्वरला अशी सोय लागेलच. ई८५ मधलं १५ टक्के पेट्रोल बरंच काम करतं, पण सुरुवातीचा फवारा खूप वाढवावा लागतो. त्यातलं न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइल म्हणूनच निम्म्या अंतराला बदलावं, आणि रोज तीन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीने आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग पळावं. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसला तर आत पाणी साठतंय.

प्लग एक पायरी थंड घ्या. टायमिंग लाइट लावून ठिणगी २ ते ४ अंश आधी करता येते, एकेक अंशाने आणि चढावर तपासत. हेड घासून दाब वाढवायचा असेल तर हिशेब आधी मांडा. मारुती ८०० च्या एका सिलिंडरचं घनफळ सुमारे २६५ सीसी. दाबाचं प्रमाण (कॉम्प्रेशन रेशो) ८.७ धरलं तर वरची जागा साधारण ३४.५ सीसी उरते. बोअर ६८.५ मिमी, म्हणजे १ मिमी घासल्यावर फार तर ३.७ सीसी कमी होतात आणि प्रमाण ९.६ च्या आसपास जातं. हेड खाली आलं की टायमिंग बेल्टची जुळणी आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर दोन्ही बदलतात, ते मोजल्याशिवाय इंजिन फिरवू नका. ई२० साठी यातलं काहीच करायची गरज नाही.

पैशांचा हिशेब ब्राझीलच्या गाडीवाल्यांनी कधीच सोपा करून ठेवलाय. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरायचं, कारण लिटरमागे ताकदच तेवढी मिळते.

आपल्याकडे जून २०२१ मध्ये पुण्यात तीन ठिकाणी ई१०० ची चाचणी विक्री सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच ठिकाणच्या १८३ पंपांवर ते आणलं गेलं. हे इंधन कारखान्यातून फ्लेक्स, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलच्या कमीजास्त मिश्रणावर चालणाऱ्या, म्हणून आलेल्या गाड्यांसाठी आहे. जुन्या गाडीच्या आरसीवर इंधन 'पेट्रोल' असं लिहिलेलं असतं, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदीपेक्षा वेगळा बदल परस्पर करू देत नाही. रूपांतराला हात घालण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांकडून लेखी उत्तर घ्या. स्पिरिट आणून घरी मिसळणं पूर्ण टाळा. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये ५ टक्के पाणी असतं, औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं जे ॲल्युमिनियम आणि रबर दोन्ही खातं, आणि परवान्याशिवाय ते बाळगणं हा राज्यात गुन्हा आहे.

टाकीबद्दलची काळजीही वेगळी. पेट्रोलच्या टाकीतली वाफ इतकी दाट असते की नेहमीच्या तापमानाला ती टाकीच्या आत सहसा पेटत नाही. निव्वळ इथेनॉलची वाफ मात्र साधारण १३ ते ४२ अंशांच्या दरम्यान नेमकी पेटण्याजोगी असते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर. गेज युनिटची सुटी वायर, सैल अर्थिंग, टाकीतल्या पंपाचं जळकं कनेक्टर यांची दुरुस्ती ई८५ भरण्याच्या आधी व्हायला हवी. इथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी फिकट निळी आणि जवळजवळ न दिसणारी असते, त्यामुळे काम चालू असताना एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, आणि पहिल्यांदा चावी फिरवल्यावर पंप दाब धरत असताना सेल्फ न मारता प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून गळती बघा.